दारावरची परीक्षा : जोतीरावांपासून सीईटीपर्यंत

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांचे सीईटीचे अर्ज भरायला आम्ही दरवर्षी बसतो. आईबाप एकच प्रश्न विचारतात : बारावीची परीक्षा आहेच, मग कॉलेजसाठी ही दुसरी कशाला? प्रश्न साधा आहे, पण तो दीडशे वर्षांचा आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. कॉलेजात जायचे तर त्याची मॅट्रिक, म्हणजेच प्रवेश परीक्षा, पास व्हावी लागे. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटणे वरून न्याय्य दिसते, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्यांच्यात ते पोचलेच नाही त्यांना आधी द्या, असे त्यांनी बजावले. प्रवेश परीक्षा खासगी अभ्यास करणाऱ्यांना खुली झाली याचे स्वागत करून हीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्या, असेही सांगितले. जोतीराव परीक्षेला घाबरले नाहीत. त्यांनी दार रुंद करायला सांगितले.

बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नव्हते, म्हणून फारसी घ्यावी लागली. म्हणजे परीक्षा सर्वांना एक, पण तयारीची मुभा जात बघून! याच बाबासाहेबांनी 1927 साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाला सुनावले : शिक्षण वेगळे आणि परीक्षा वेगळी, दर्जाच्या नावाखाली तुम्ही परीक्षा इतकी कडक करता की मागासवर्ग दाराबाहेरच राहतो. त्याच वर्षी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या तळ्यावर सत्याग्रह झाला. पाण्याचा हक्क आणि विद्येचा हक्क ही एकच लढाई होती. पुढे 1946 साली त्यांनी सिद्धार्थ कॉलेज काढले आणि नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग चालवले.

'परीक्षा तटस्थ असते' म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे बघावे. तिथली 'सॅट' 1926 साली कार्ल ब्रिगम यांनी तयार केली. त्याआधी 1923 साली याच गृहस्थांनी चाचण्यांच्या गुणांवरून वंशांची उच्चनीचता मांडली होती. 1930 मध्ये त्यांनीच ते निष्कर्ष मागे घेतले. चाचणीने मोजली होती ती भाषा आणि संधी. नाव दिले होते बुद्धीचे.

आज काय बदलले? 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी आली. ती मराठीतूनही देता येते, हे किती मुलांना ठाऊक आहे? राज्याच्या एमएचटी-सीईटीत मात्र गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. घरी कातकरी बोलणारी, आश्रमशाळेत मराठी शिकलेली मुलगी तिथे तिसऱ्या भाषेत गणित सोडवते. तिच्या शेजारी दोन वर्षे महागडा क्लास लावलेला मुलगा बसतो. दोघांना घड्याळ मात्र एकच. याला गुणवत्ता म्हणायचे की वारसा?

म्हणून आरक्षण ही मेहरबानी नाही. दीडशे वर्षांच्या अडवलेल्या दाराची ती भरपाई आहे. पण भरपाई मागताना तयारी सोडायची नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आपल्याइतके किंवा कमी गुण असलेले परीक्षार्थी किती, ते तो आकडा सांगतो. सीयूईटीत बरोबर उत्तराला 5 गुण आणि चुकीला 1 वजा, तर एमएचटी-सीईटीत वजा गुणच नाहीत. म्हणजे तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शहरातल्या घरांत जेवताना कळणाऱ्या या गोष्टी आपल्या वाडीवर कोण सांगणार?

आपणच. प्रत्येक बुद्धविहारात, समाजमंदिरात आठवड्यातून एक संध्याकाळ जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला द्या. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अर्जाची तारीख यांची आठवण घरोघरी करा. आणि गणिताचा पेपर मराठीतही हवा, ही मागणी लावून धरा. परीक्षा द्यायची, जिंकायची आणि बदलायचीही. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' याचा आजचा अर्थ आम्हाला हाच दिसतो.

जय जोती! जय भीम!