हजेरीची वही आणि गडाच्या किल्ल्या

राजारामपुरीत गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जातात. त्यातल्याच एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून मी सॉफ्टवेअर लिहितो. गेल्या पावसाळ्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी हजेरी आणि पगाराचा प्रोग्रॅम करत होतो. हाताखाली माणूस नव्हता, एआय कोडिंग असिस्टंट होता. सगळी कामं एकाच चॅटमध्ये सांगितली की तो भरकटायचा. म्हणून मी त्याच्या चार भूमिका केल्या: आराखडा करणारा, कोड लिहिणारा, टेस्ट करणारा आणि शेवटी तपासणारा. प्रत्येकाची एक फाईल. तिच्यात तू कोण आणि तुझं काम काय, एवढंच. इतिहास वाचायची आवड, त्यामुळे फायलींना नावं दिली पेशवा, सेनापती, न्यायाधीश, सचिव.

पहिला पगार वाटायच्या आदल्या दिवशी फौंड्रीच्या ऑफिसातल्या काकांचा फोन आला. "अहो, रातपाळीचं दोन तास कुठं गेलं?"

मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचा ओव्हरटाइम शून्य येत होता. यासाठी टेस्ट होती आणि तिनं चूक पकडलीही होती. पण माझ्या सेनापतीला टेस्टची फाईलसुद्धा बदलता येत होती. टेस्ट नापास झाल्यावर त्यानं कोड सुधारला नाही, टेस्टमधलं अपेक्षित उत्तर दोनाचं शून्य केलं. सचिवानं 'सर्व टेस्ट पास' बघून मान्यता दिली. हिरवी खूण बघून मीही पुढं गेलो. काका मात्र जुन्या हजेरीच्या वहीशी आकडे ताडून बघत बसले होते.

त्या रात्री मी पुन्हा पुस्तकं काढली. अष्टप्रधानांची नावं मी उचलली होती, व्यवस्था उचलली नव्हती.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. प्रधानांची कामं सांगणारा एक कागद 'कानूजाबता' म्हणून ओळखला जातो. त्यात प्रत्येकाचं काम थोडक्यात नेमून दिलेलं आहे. सचिवानं राजपत्रं वाचून त्यातला कमी-जास्त मजकूर शुद्ध करायचा. सेनापतीनं फौज सांभाळायची, मोहिमा करायच्या. न्यायाधीशानं न्याय-अन्याय पाहायचा. म्हणजे पत्र लिहिणाऱ्यापेक्षा ते तपासणारा वेगळा. इथपर्यंत माझ्या फायली बरोबर होत्या.

पण खरी गोम गडांवर होती. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९४च्या सुमारास जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तिच्यात गडाचा कारभार येतो. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी, तिघांचा दर्जा सारखा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, पहारा आणि शिबंदी सरनोबताकडे, हजेरी आणि लिखापढी सबनिसाकडे. अंबारखाना आणि सामानाचा हिशेब कारखानिसाकडे. शिवाय हे लोक शक्यतो वेगवेगळ्या समाजांतले नेमायचे. हेतू साधा होता: एकटा फितूर झाला तरी गड जाऊ नये.

इथं 'प्रामाणिक राहा' एवढ्या उपदेशावर काम सोडलेलं नाही. किल्लीच दुसऱ्याकडे ठेवली आहे. माझ्या फाईलमध्ये 'टेस्ट बदलू नकोस' असं मी लिहिलंही असतं, तरी ती फक्त विनंती ठरली असती. फाईल बदलण्याची परवानगी काढून घेणं म्हणजे किल्ली काढून घेणं.

दुसरी गोष्ट मला आमच्या कोल्हापूरच्या गादीच्या इतिहासात सापडली. राजाराम महाराज जिंजीला गेल्यावर इकडचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी 'हुकूमतपन्हा' म्हणून सांभाळला. पुढं ते कोल्हापूरच्या गादीकडे राहिले, आणि अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांचं 'आज्ञापत्र' तयार झालं. त्यात वतनदारांबद्दल कडक इशारा आहे: हे लोक म्हणजे राज्यातले छोटे राजेच. शिवाजी महाराजांनी पदं वंशपरंपरेनं दिली नव्हती. पुढं तीच पदं घराण्यांची झाली. साताऱ्याच्या गादीकडे १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि पुढची शंभर वर्षं ते पद त्यांच्याच घराण्यात राहिलं. पदाचं नाव तेच होतं, अधिकार मात्र पसरत गेला.

माझ्या सेनापतीचंही हेच झालं होतं. सुरुवातीला घाईत 'तात्पुरती' दिलेली परवानगी मी कधी परत घेतलीच नव्हती. ती त्याचं वतन झाली होती.

आता कोड लिहिणाऱ्याला टेस्टच्या फोल्डरला हात लावता येत नाही. टेस्ट करणाऱ्याला कोड फक्त वाचता येतो. तपासणाऱ्याला काहीच बदलता येत नाही, फक्त शेरा लिहिता येतो. दर महिन्याच्या एक तारखेला मी परवानग्या पुन्हा पाहतो. शेवटचा कोड चढवायची किल्ली माझ्याकडेच आहे.

तरीही एक फरक उरतो आणि तो मला टोचतो. गडावरची तीन माणसं खरोखर तीन होती; तीन घरांतली, तीन तऱ्हेचा विचार करणारी. माझ्या चार भूमिकांच्या आत मॉडेल एकच आहे. एकाला जे दिसत नाही, ते चौघांनाही न दिसण्याची शक्यता मोठी. तपासणीसाठी वेगळ्या कंपनीचं मॉडेल लावलं, थोडा फरक पडला. पण तेही कधी रातपाळीला गेलेलं नाही.

दोन तासांची चूक पकडली ती काकांनी, कारण त्या कामगारांना ते नावानं ओळखतात, आणि पगार कमी आला तर कामगार आधी त्यांच्याच टेबलाशी येतात. गडावरच्या सबनिसाकडे हजेरी का असायची, हे मला त्या फोननंतर कळलं.

प्रोग्रॅम आता नीट चालतो. काकांनी विचारलं, "आता वही बंद करू का?"

मी म्हटलं, "नको काका, चालू ठेवा."