पारसनीस : दरबारागणिक एक घर

कुलकर्णी महाराष्ट्रात कुठेही भेटतात. देशपांडे त्यांच्याहून थोडे कमी, पण तेही मुबलक. पारसनीस मात्र शोधावे लागतात. एखादे आडनाव विरळ असले की आपण चटकन म्हणतो, घराणे लहान होते, वंश फार वाढला नाही. हुद्द्यावरून पडलेल्या आडनावांना हे उत्तर पुरत नाही. कुलकर्ण हे गावाचे काम होते, म्हणून जितकी गावे तितके कुलकर्णी. देशपांडेपण परगण्याचे, म्हणून परगण्यागणिक एक. पारसनिशी हे काम गावातही नव्हते आणि परगण्यातही नव्हते, ते फक्त दरबारात होते. हे आडनाव किती घरांना मिळणार आणि कुठे मिळणार, हे राज्यकारभाराच्या रचनेनेच ठरवून टाकले होते. या आडनावाची कुळकथा म्हणून एका कुटुंबाची ठरत नाही. मराठी दौलतीत फारसी कुठे, किती आणि कशासाठी लिहिली जात होती, याची ती कथा आहे.

आधी शब्दाकडे पाहू. फारसीत ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे आणि ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. हा ‘नवीस’ मराठीत येऊन रोजच्या तोंडी पडला आणि त्यातला ‘व’ झिजून ‘नीस’ उरला. झिजण्याआधीचे रूप ‘फडणवीस’मध्ये अजून शाबूत आहे, आणि शेजारीच ‘फडणीस’ही आहे. दोन्ही रूपे एकाच वेळी नांदत असल्यामुळे ही झीज कशी झाली ते आपल्याला समोर दिसते. ‘रोजनिशी’ हा शब्द आपण इतका आपला मानतो की त्यात ‘रोज’ आणि ‘नवीसी’ आहेत हे ध्यानातच येत नाही. मराठीने या शब्दांना विभक्तीतही सामावून घेतले. चिटणिसांनी, फडणिसांकडे, पारसनिसांचा असे म्हणताना ‘नी’ऐवजी ‘नि’ होतो, तोही अगदी घरच्या शब्दासारखा. एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. चिटणीस आणि फडणीस यांत ‘ण’ आहे, तर कोटनीस आणि गडनीस यांत ट-ड असूनही ‘न’ टिकला. कोट आणि गड हे शब्द मराठी कानाला स्वतंत्रपणे ऐकू येत राहिले, म्हणून तिथला सांधा उघडा राहिला असावा. ‘फर्द’ म्हणजे हिशेबाचा सुटा कागद. तो मराठीत ‘फड’ होऊन मिसळून गेला, सांधा बुजला आणि मागचा ‘न’ मूर्धन्य झाला. ‘पारसनीस’मधला पहिला भाग म्हणजे पारसी, अर्थात फारसी भाषा. इराणच्या मूळ ‘पारसी’तला ‘प’ अरबीत नसल्याने तिकडे तो ‘फ’ झाला. आपल्याकडे ‘फारसी’ आणि ‘पारसी’ दोन्ही रूपे चालली आणि आडनावात जुना ‘प’ राहिला. पारशी समाजाशी किंवा ‘पारस’ नावाच्या एखाद्या गावाशी या आडनावाचा संबंध लावायचे कारण नाही. ‘नीस’ आधी गावाचे नाव घेत नाही. तो ज्या कागदाचे, खात्याचे किंवा जागेचे लिखाण करायचे त्याचे नाव घेतो.

आणि इथेच पारसनीस बाकीच्या नीसांपासून वेगळा पडतो. पोतनीस खजिन्याचे लिहितो, जमेनीस जमेचे, वाकनीस घडलेल्या वाकियांचे, पागनीस पागेचे, कारखानीस कोठाराचे, कोटनीस कोटाचे. या सगळ्यांच्या हुद्द्याचे नाव फारसी, पण बोरूतून उतरत होती मराठी, आणि तीही मोडीत. याला जुने कारण आहे. इतिहासकार फरिश्ता सांगतो की विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) हिशेबाची दफ्तरे फारसीतून काढून हिंदवीत, म्हणजे इथल्या लोकभाषेत, लिहायला लावली आणि त्या कामावर ब्राह्मण कारकून नेमले. दख्खनच्या सुलतानशाह्यांत हुद्द्यांची नावे फारसी राहिली आणि काम देशी भाषेत गेले. तीच व्यवस्था मराठी राज्याने पुढे उचलली. साऱ्या नीसांत खरोखर फारसी लिहिणारा म्हणून एकच उरला. त्याच्या हुद्द्याच्या नावात भाषेचे नाव मुद्दाम घालावे लागले, याचाच अर्थ बाकीच्यांची भाषा वेगळी होती.

या कामाची जात समजून घेतली पाहिजे, कारण आडनावाची विरळता तिथेच जन्मली. निजामाकडून किंवा दिल्लीहून पत्र येई ते किनखापी खलित्यात, मोहोरबंद. पारसनिसाने ते उघडायचे, वाचायचे आणि मतलब मराठीत मांडायचा. उत्तर काय द्यायचे हे कारभारी ठरवत. तो आशय मग फारसीत उतरवणे पुन्हा पारसनिसाकडे. मोडी लिहिणारा आधी डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढून घेतो आणि तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे लटकवत जातो. फारसीची ओळ उजवीकडून सुरू होते, तिला शिरोरेघ नसते, आणि दफ्तरी घाईच्या शिकस्ता वळणात नुक्ते गळतात, अक्षरे एकमेकांत घुसतात. नुसती लिपी येऊन भागत नसे. समोरच्याला कोणते अलकाब, म्हणजे किताब, लावायचे, कोणाला किती ओळींचा मायना, स्वतःच्या धन्यासाठी कोणता शब्द वापरला म्हणजे तो ताबेदार ठरत नाही, हे सारे त्या पहिल्या चार ओळींत सांभाळायचे असे. एखादा किताब कमी पडला तर समोरचा दरबार दुखावे, जास्त पडला तर आपण वाकलो असा अर्थ निघे. असा माणूस एका दरबाराला एक पुरतो, मदतीला फार तर दोन-चार कारकून. आणि एका दरबाराला तो एक लागतोच.

आता संख्या लावून पाहू. सभासदाने बखरीत शिवाजी महाराजांच्या २४० गडांची मोजदाद दिली आहे आणि गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस अशी अधिकाऱ्यांची जोडणीही सांगितली आहे. म्हणजे एकाच राज्यात सबनिसांच्या दोनशेवर जागा. चिटणीस तर प्रत्येक मोठ्या सरदाराच्या पदरी लागे, कारण पत्रे सर्वांनाच लिहायची असत. पण सरदार आपसांत जे लिहीत ते मराठीत. ग्वाल्हेरहून पुण्याला, पुण्याहून तंजावरला मराठीच चाले. फारसी लागे ती मराठी मुलखाच्या सीमेपलीकडे बोलताना : मोगल बादशहा, निजाम, अयोध्येचा नवाब, आणि कलकत्त्याची ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा. कंपनीच्या फारसी पत्रव्यवहाराच्या ज्या सूची पुढे छापल्या गेल्या त्या १७५९ पासून सुरू होतात आणि त्यांत पेशवे आहेत, नागपूरकर भोसलेही आहेत. एका बाजूला मराठी बोलणारा राजा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी बोलणारा गव्हर्नर, आणि मधले पत्र दोघांचीही नसलेल्या भाषेत. ज्याला असा स्वतंत्र बाह्य व्यवहार होता त्यालाच फारसी लेखकाचा हुद्दा ठेवणे परवडे आणि शोभे. असे दरबार बोटांवर मोजावेत इतके : सातारा, पुणे, कोल्हापूर, नागपूर, आणि उत्तरेकडे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर. पारसनीस या आडनावाचा भूगोल काढायचा तर जिल्ह्यांचा नकाशा बाजूला ठेवून राजधान्यांचा घ्यावा लागतो. आजची वस्ती मुंबई-पुण्याच्या नोकऱ्यांनी हलवली आहे. तिच्यावरून उगम सांगता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की शिवाजी महाराजांनी तर फारसी शब्द हद्दपार करण्यासाठी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. मग ही फारसी नावे आडनावे होण्याइतकी रुजली कशी? आक्षेप वजनाचा आहे. कोशात सुमारे चौदाशे शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, आणि वरच्या पदांवर त्याच धोरणाचा ठसा पक्का उमटला : पेशव्याचा मुख्यप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव. भोरचे पंतसचिव आणि बावड्याचे पंत अमात्य ही घराणी त्याच नव्या नावांनी ओळखली गेली, म्हणजे कोश निष्फळ झाला असे म्हणता येणार नाही. पण राज्याभिषेकाच्या समारंभात आठ पदांची नावे बदलता येतात. दफ्तरात रोज शंभरदा उच्चारली जाणारी कारकुनी नावे तशी बदलत नाहीत. मुजुमदार आणि वाकनीस ही आडनावेही अखेर टिकलीच. पारसनिसाच्या बाबतीत तर गरजच उलटी होती. फारसी मराठीतून काढायची होती. ती परराज्याच्या खलित्यातून काढणे कोणाच्याच हाती नव्हते. औरंगजेबाने १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लावला तेव्हा त्याचा निषेध करणारे महाराजांचे प्रसिद्ध पत्र फारसीतच आहे, आणि त्याचा लेखक म्हणून नीळ प्रभू मुनशी याचे नाव जदुनाथ सरकारांनी दिले आहे. कोश ज्या राज्यात सिद्ध झाला त्याच राज्यातले हे पत्र आहे, आणि दोन्हींत मला विसंगती दिसत नाही. आपली भाषा सावरणे आणि समोरच्याच्या भाषेत त्याला खडसावणे ही दोन कामे होती.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे : आडनावे पक्की झाली ती बरीच उशिरा. शाळेच्या पटात आणि सरकारी नोंदीत नाव घालताना ज्याला जे आवडले ते त्याने लावले, मग त्यांवरून जुनी रचना कशी वाचायची? यातले पहिले वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे, पण हुद्द्याच्या नावांनी मूळ आडनाव झाकायला त्याच्या पुष्कळ आधी सुरुवात केली होती. याचा सर्वांना माहीत असलेला दाखला नाना फडणवीस. नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू, घराणे कोकणातल्या वेळासचे. आजोबा बाळाजी महादेव भानू हे बाळाजी विश्वनाथांबरोबर दिल्लीला गेले आणि १७१९ मध्ये तिथेच मारले गेले. फडणिशी घराण्यात आली, टिकली, आणि १८०० मध्ये नाना वारले तोवर भानू हे आडनाव मागे सरून फडणवीस हेच लोकांच्या तोंडी बसले होते. शाळेचा पट तेव्हा कुठेच नव्हता. हुद्दा वंशपरंपरेने चालू लागला की तो वतनासारखा होतो, आणि वतनाचे नाव माणसाला चिकटते. म्हणूनच ही आडनावे जातीची खूण ठरत नाहीत. सबनीस चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंत सापडतात तसे ब्राह्मणांतही सापडतात. ज्याच्याकडे बोरू होता त्याच्याकडे हुद्दा गेला आणि हुद्द्यामागून आडनाव गेले.

तिसरा प्रश्न मी स्वतःहून विचारतो, कारण त्याचे उत्तर या विषयातले मला सर्वांत आवडणारे आहे. फारसी तर साऱ्या हिंदुस्थानात लिहिली जात होती. मग पारसनीस फक्त मराठीतच का? गुजरातेत त्याच कामाच्या माणसाला मुनशी म्हटले गेले आणि तेच तिकडे आडनाव झाले. उत्तरेकडे अर्जीनवीस, खुशनवीस हे शब्द धंद्याचेच राहिले. मात्र दूर बंगालमध्ये ‘नवीस’ पुन्हा आडनाव होऊन उभा राहतो. तिथे त्याचा ‘व’ झिजला नाही, त्याचा ‘ब’ झाला. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे घराणे ढाक्याजवळच्या बिक्रमपूरचे, आणि आडनाव म्हणजे महालनवीस, महालाचे लिखाण करणारा. बंगाली खासनबीस आणि आपले खासनीस हे अक्षरशः एकच आडनाव आहे. कोणी कोणाचा भाऊबंद नाही, कोणी स्थलांतर करून गेलेले नाही. दोन टोकांच्या दोन राज्यांत एकाच नमुन्याचे दफ्तर उभे राहिले आणि त्याने दोन भाषांत एकच आडनाव दोनदा जन्माला घातले. मजुमदार-मुजुमदारांची जोडीही तशीच. आडनाव रक्ताच्या आधी दफ्तरातून येते याला याहून स्वच्छ पुरावा मी कोणता देऊ? पारसनिसाला मात्र बंगालमध्ये जोड नाही, आणि तसेच व्हायला हवे. जिथे दफ्तराची भाषाच फारसी, तिथे फारसी लिहिणारा म्हणून वेगळा हुद्दा कशाला निघेल? तो निघतो जिथे बाकी सगळे दुसऱ्या भाषेत लिहीत असतात तिथेच.

पारसनिशी संपली ती दरबारांबरोबर. पुणे १८१८ मध्ये गेले, सातारा १८४८ मध्ये खालसा झाले, नागपूर १८५४ मध्ये. कंपनीने १८३७ मध्ये आपल्या कचेऱ्यांतून फारसीला रजा देण्याचा कायदा केला होताच. चिटणीस हा शब्द पुढे संस्था-पक्षांच्या कारभारात शिरला आणि सरचिटणीस होऊन आजही रोज वर्तमानपत्रात येतो. पारसनिसाला असे दुसरे काम मिळाले नाही, तो केवळ आडनावात राहिला. ते आडनाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७० ते १९२६) यांच्यामुळे. झाशीच्या राणीचे चरित्र, ‘इतिहाससंग्रह’ मासिक, किंकेड यांच्याबरोबर लिहिलेला मराठ्यांचा इतिहास ही त्यांची कामे, पण सर्वांत मोठे काम साताऱ्यात जमवलेल्या कागदांचे. वाईशेजारच्या मेणवलीला नाना फडणवीसांचे जे दफ्तर होते, त्यातले कागद त्यांच्या हाती आले. एका नीसाने लिहवून ठेवलेले दुसऱ्या नीसाने वाचले, निवडले, छापले. त्यांच्या मागे हा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला.