पाव इंचाचा पाना

परवा गावी गेलो होतो. विहिरीवरचं जुनं, इंग्लिश धर्तीचं डिझेल इंजिन गळत होतं. पुतण्याने आपले नवे पाने काढले. १३ नंबरचा नटावर चढेना, १४ नंबरचा चढला पण ढिला. "चालतंय हो काका," म्हणत त्याने जोर लावला. पाना सटकला, बोटाची सालटं निघाली आणि नटाचे कोपरे झिजून गोल झाले. शेवटी तो नट छिन्नीने फोडावा लागला.

मग वडिलांची पत्र्याची पेटी आठवली. ती भंगारात द्या, असा आग्रह गेल्या दिवाळीत माझाच होता! तिच्यातला एक पाना शेजारच्या तशाच नटावर टोपीसारखा घट्ट बसला. त्यावर कोरलं होतं, '१/४ डब्ल्यू'. पट्टीने तोंड मोजलं, तर पाव इंच कुठलं? अर्ध्या इंचाहून थोडं जास्तच भरलं.

हा डब्ल्यू म्हणजे जोसेफ व्हिटवर्थ. त्याच्या आधी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेल याची खात्री नसे. व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये एकच माप सुचवलं. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि कोणत्या जाडीला इंचात किती आटे हेही ठरलेलं. पाव इंचाच्या बोल्टला इंचात २० आटे. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नव्हे. म्हणून पाव इंचाच्या पान्याचं तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर. १३ चा का चढला नाही आणि १४ चा का सटकला, ते आता कळलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा मांडला. तो बनवायला सोपा होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन एकाच बाजूने लढत होते, पण त्यांचे नट-बोल्ट एकमेकांना लागत नव्हते! अखेर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एका सामाईक आट्यावर सह्या केल्या. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली. माणसांनी शेर-पावशेर सोडला, यार्ड सोडला. पण विहिरीवरच्या इंजिनाला कोण सांगणार? लोखंड आपल्या जन्माच्या मापाशी इमान राखून असतं. कारागीर मंडळी तर अजूनही 'चार सूत' म्हणतात, म्हणजे अर्धा इंच.

आम्हाला फुटलेल्या नटाच्या जागी दुसरा हवा होता. दुकानातला ६ मिलिमीटरचा नट उपयोगाचा नाही, कारण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तो ठोकून बसवला असता, तर बोल्टचेही आटे गेले असते. तालुक्याला जाऊन जुन्या मापाचा नट शोधून आणला.

एवढ्या खटाटोपातून शिकलो ते इतकंच. आधी यंत्र कुठलं, कोणत्या काळातलं ते पाहावं, मग पाना उचलावा. पाना नटावर हलता कामा नये. जागा असेल तर रिंग पाना वापरावा, तो सगळ्या कोपऱ्यांना धरतो. फिक्स पाना दोनच बाजू धरतो. आणि स्क्रू पाना अगदी नाइलाज झाला तरच.

असो. पेटी आता भंगारात जाणार नाही. पुतण्याने तिच्या झाकणावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'फक्त इंजिनासाठी'. तुमच्याकडे माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून बघा.