टोपीवरचा तुरा

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'कोकार्द' एवढा एकच शब्द कळवला. त्यावर त्यांनी मोठ्या अदबीने विचारले की, हा पदार्थ गोडाचा की तिखटाचा? चूक त्यांची नाही. शब्द फ्रेंच आहे, इंग्रज त्याला 'कॉकेड' म्हणतात, आणि मराठीत तो रुजलाच नाही. पण वस्तू ओळखीची आहे. रिबिनीची गोल चुणीदार गाठ, टोपीला किंवा छातीवर लावलेली. मिरवणुकीत स्वागताध्यक्षाच्या कोटावर आपण जे फूल टाचतो त्याची ही थोरली बहीण. पंचवीसतीस वर्षे आम्ही कामगारांच्या छातीवर बिल्ले लावीत आलो. तेव्हा या बहिणीची कुळकथा शोधावी असे आमच्या मनात फार दिवस होते. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढले सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून जे सांगतो ते पंडिताच्या अधिकाराने नव्हे, वाचकाच्या हौसेने.

फ्रेंच भाषेत कोंबड्याला 'कोक' म्हणतात. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'कोकार' असे विशेषण झाले. अर्थ, कोंबड्यासारखा ताठ मानेने मिरवणारा, पोकळ ऐटीचा. सोळाव्या शतकात राबले या विनोदी लेखकाच्या पुस्तकात अशा ऐटबाज टोपीचा उल्लेख येतो. म्हणजे मुळात हा शब्द चेष्टेचा होता, आणि चेष्टा कोंबड्याच्या डोक्यावरच्या लाल झालरीवरून होती. आता गंमत पाहा. त्या झालरीला मराठीत आपण काय म्हणतो? तुरा! आणि पागोट्यावर खोवतात तोही तुराच. फारसीतून आलेल्या या शब्दाने आपल्याकडेही तोच प्रवास केला. तो कोंबड्याच्या डोक्यावर बसला, उसाच्या शेंड्यावर बसला, सरदाराच्या मंदिलात बसला, शाहिरांच्या फडात कलगीशी भांडायला उभा राहिला, आणि शेवटी वर्तमानपत्रांनी त्याला 'शिरपेचातला मानाचा तुरा' करून पार गुळगुळीत केला. उसाला तुरा आला की साखर उतरते हे शेतकऱ्याला ठाऊक असते, वर्तमानपत्राला नसते.

पण फ्रेंच तुऱ्याची गाठ लष्कराशी पडली आणि त्याचे दैव पालटले. रुंद काठाची टोपी घालून खांद्यावर बंदूक टाकली की काठ आडवा येतो. म्हणून शिपायांनी काठ वर दुमडून फासा आणि बटणाने अडकवला. अडकवलेल्या जागी रिबिनीची गाठ आली. गाठ आली तसा रंग आला, आणि रंग आला की राजा आलाच. फ्रान्सच्या राजाची गाठ पांढरी, इंग्लंडच्या हॅनोव्हर घराण्याची काळी. १७४५ साली स्टुअर्ट घराण्याचे पक्षपाती स्कॉटलंडमध्ये उठले ते पांढरी गाठ लावून. दुरून माणूस कुणाचा हे चेहऱ्यावरून कळत नाही, टोपीवरून कळते.

अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनपुढे अडचण आणखी साधी होती. १७७५ साली त्याच्या सैन्याला गणवेशच नव्हता; अधिकारी कोण आणि शेतकरी कोण ते समजेना. त्याने हुकूम काढला की वरिष्ठांनी लाल किंवा गुलाबी गाठ लावावी, कॅप्टनांनी पिवळी, त्याखालच्यांनी हिरवी. पाच वर्षांनी फ्रेंच फौजा मदतीला येणार असे ठरले, तेव्हा अमेरिकनांची काळी आणि फ्रेंचांची पांढरी अशी जोडगाठ सुचवण्यात आली. तिला 'युनियन कोकार्द' म्हणतात. हे नाव वाचून आम्ही वाचनालयात एकटेच हसलो होतो.

आता १७८९ च्या जुलैकडे येऊ. नेकर हा लोकांना विश्वासाचा वाटणारा मंत्री राजाने काढून टाकला. ती बातमी १२ जुलैला पॅरिसमध्ये पसरली. पाले-रॉयालच्या बागेत कामिय देमुलँ नावाचा एक तरुण वकील टेबलावर चढला आणि त्याने लोकांना हत्यारे उचलण्याची हाक दिली. ओळख म्हणून हिरवा रंग घ्यावा असे ठरले. रिबिनी कुठून आणणार? लोकांनी झाडांची पाने ओरबाडली आणि टोप्यांत खोवली. ज्यांनी गेटसभा भरवल्या आहेत त्यांना हे चित्र चटकन डोळ्यांसमोर येईल. झेंडा शिवून येण्याची वाट पाहायला वेळ नसतो. हाताला येते ते निशाण होते. पण थोड्याच वेळात कुणाच्या तरी ध्यानात आले की, हिरवा हा राजाचा भाऊ आर्त्वा याच्या नोकरांच्या पोषाखाचा रंग आहे, आणि आर्त्वा तर लोकांचा वैरी. पाने गळून पडली. त्यांच्या जागी पॅरिस शहराचे लाल आणि निळे हे रंग आले. १७ जुलैला राजा सोळावा लुई नगरभवनात आला तेव्हा महापौर बाय्यी याने ती गाठ त्याच्या हाती दिली आणि राजाने ती आपल्या टोपीला लावली. पुढे लाफायेतने मध्ये राजाचा पांढरा रंग घातला. फ्रान्सचा तिरंगा असा टोपीवरून काठीवर गेला.

तीन महिन्यांच्या आत या गाठीने राजवाडा हलवला. १ ऑक्टोबरला व्हर्सायला नव्या आलेल्या पलटणीसाठी मेजवानी झाली. तेथे दारूच्या भरात अधिकाऱ्यांनी तिरंगी गाठ पायदळी तुडवली, राजाची पांढरी आणि राणीच्या माहेरची काळी लावली, अशी वार्ता पॅरिसला पोचली. खरोखर तुडवली की नाही याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. आमच्या मते त्या वादाने फारसे बिघडत नाही. पॅरिसमध्ये पाव मिळत नव्हता, आणि तिकडे पंगती उठत होत्या, एवढे खरे होते. ५ ऑक्टोबरला बाजारातल्या बायका हजारोंनी पावसात वीसेक किलोमीटर चालत व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला कुटुंबासह पॅरिसला घेऊन आल्या. भुकेला निमित्त लागते. त्या दिवशी ते रिबिनीच्या गाठीने पुरवले.

येथपर्यंतची कथा सगळेच आनंदाने सांगतात. पुढची सांगताना घसा कोरडा पडतो. १७९१ च्या वसंतात पॅरिसच्या सुतारांनी मजुरीवाढीसाठी एकजूट केली. १४ जूनला राष्ट्रसभेने ल शापलिए याने मांडलेला कायदा मंजूर केला, आणि कामगारांनी एकत्र जमून मजुरीबद्दल ठराव करणे हाच गुन्हा ठरला. कारण असे दिले की, व्यक्ती आणि राष्ट्र यांच्यामध्ये कोणाचाही वेगळा हितसंबंध असता कामा नये. सुतारांच्या टोपीला तिरंगी गाठ होती आणि कायदा करणाऱ्यांच्या टोपीलाही. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथात या कायद्याची मुद्दाम दखल घेतली आहे. फ्रान्समध्ये संप हा गुन्हा राहिला नाही तो १८६४ साली, आणि युनियनला कायद्याने मान्यता मिळाली १८८४ साली. मोजून ९३ वर्षे.

तोवर गाठीचे पुढचे रूप आले होते. १७९२ च्या जुलैत ती पुरुषांना सक्तीची झाली. बायकांचे काय? पोलीन लेओं ही चॉकलेट बनवणारी कारागीर आणि क्लेर लाकोंब ही नटी, या दोघींच्या पुढाकाराने मे १७९३ मध्ये क्रांतिकारक प्रजासत्ताकवादी स्त्रियांची एक संस्था निघाली होती. त्यांचा आग्रह असा की, आम्हीही नागरिक आहोत, तर गाठ आम्हांलाही हवी. मागणी रास्त होती. पण २१ सप्टेंबरला कायदा आला तो शिक्षेसकट. गाठ न लावता बाहेर पडणाऱ्या स्त्रीला आठ दिवस कोठडी, पुन्हा सापडली तर 'संशयित'. त्या दिवसांत 'संशयित' या शब्दाची सावली गिलोटिनपर्यंत जात असे. बाजारातल्या बायका चिडल्या. भावनियंत्रणाचा आग्रहही याच संस्थेचा होता आणि त्याने त्यांच्या टोपलीवर पाय पडत होता. आज गाठ, उद्या लाल टोपी, परवा हातात बंदूक देतील, असे त्या म्हणू लागल्या. ऑक्टोबरअखेर दोन्हीकडच्या बायकांची हातघाई झाली. सरकारला हवे तेच हाती आले. ३० ऑक्टोबरला राष्ट्रसभेने स्त्रियांच्या सगळ्याच संस्था बंद करून टाकल्या. चार वर्षांपूर्वी या गाठीसाठी पावसात भिजल्या होत्या त्याही बाजारातल्याच बायका.

हे वाचले त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. त्याचे कारण सांगायला हवे. १९९० नंतरच्या दशकात एका कारखान्यात आमची युनियन उभी राहत होती. बिल्ला लावून आत गेले की गेटवर तो उपटून घेत, म्हणून पोरे तो खिशाच्या पट्टीच्या आतून टाचीत. लढा झाला, करार झाला, बिल्ला बाहेर आला. मग आमच्याच समितीने ठराव केला की, बिल्ला नसेल त्याला सर्वसाधारण सभेत बसू द्यायचे नाही. एक म्हातारे फिटर होते. गेटसमोरच्या उपोषणात अकरा दिवस आमच्या शेजारी बसलेले. ते बिल्ला न लावता आले. पोरांनी दारात अडवले. आम्ही व्यासपीठावरून म्हणालो, "काका, लावा की, दोन मिनिटांचं काम आहे." ते म्हणाले, "भाऊ, बिल्ला लावला तर मार पडत होता तेव्हा लावला. आता न लावला तर मार पडतोय. मग काय फरक झाला?" आणि ते गेले. आम्ही उठून त्यांच्यामागे जायला हवे होते. आम्ही विषयपत्रिकेतला पुढचा विषय घेतला. पुढे ते निवृत्त झाले तेव्हा हिशेबाच्या कागदांसाठीही आमच्याकडे आले नाहीत.

आपल्या देशात या शब्दाचे पाऊल पडले ते रक्तात. कंपनी सरकारच्या मद्रास फौजेचा सरसेनापती सर जॉन क्रॅडक याच्या कारकिर्दीत शिपायांसाठी नवे नियम निघाले. कपाळावर गंध नको, कानात बाळी नको, हनुवटीवर दाढी नको. आणि नवी पगडी, जिच्यावर चामड्याचे कोकार्द. हिंदू शिपायाला ते गाईचे वाटले, मुसलमान शिपायाला डुकराचे. पण प्रश्न चामड्यापुरता नव्हता. ती पगडी टोपीसारखी दिसत होती. आपल्या पेशवाईच्या कागदांत गोऱ्यांना 'टोपीकर' म्हटले आहे ते उगीच नाही. टोपी घालणे म्हणजे त्यांच्यातले होणे. साहेबाने एक दागिना काढून घेतला आणि त्याच्या जागी दुसरा लादला. मे १८०६ मध्ये वेल्लोरला शिपायांनी पगडी नाकारली. एका हिंदूला आणि एका मुसलमानाला फटके मारून काढून टाकण्यात आले. १० जुलैच्या पहाटे किल्ल्यातले शिपाई उठले. त्यांनी शंभरावर गोरे सैनिक मारले आणि म्हैसूरचे निशाण चढवले, कारण टिपूची मुले त्याच किल्ल्यात कैदेत होती. अर्काटहून गिलेस्पी घोडदळ घेऊन आला आणि दुपार होण्याआधी किल्ला परत घेतला. शिपाई शेकड्यांनी मारले गेले. पगडीचा हुकूम मागे घेण्यात आला, क्रॅडक आणि गव्हर्नर बेंटिंक दोघांनाही परत बोलावले गेले. १८५७ च्या काडतुसांची कथा शाळकरी पोराला पाठ असते. तिच्या एक्कावन्न वर्षे आधीचा हा चामड्याचा तुरा फारसा कुणाला आठवत नाही.

बाकीची हकीकत थोडक्यात. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या कामगारांनी लाल झेंडा मागितला. लामार्तिन या कवीने तो नाकारला आणि तडजोड म्हणून तिरंग्याच्या काठीला लाल गाठ बांधून दिली. झेंडा मागितला, फीत मिळाली. वाटाघाटींच्या टेबलावर बसलेल्याला यात नवे काही नाही. इंग्लंडात लष्करी अधिकाऱ्यांच्या घोडागाडीवाल्यांच्या टोपीला काळे चामडी कोकार्द लागले. राजाचे निशाण असे नोकराच्या डोक्यावर जाऊन बसले. १९१२ साली ते आकाशात गेले. फ्रेंच विमानांच्या पंखांवर तीन रंगांची वर्तुळे काढण्यात आली, आणि त्यांना फ्रेंच लोक आजही कोकार्दच म्हणतात. आपल्या वायुदलाच्या विमानांवरची केशरी, पांढरी, हिरवी वर्तुळे त्याच घराण्यातली.

आता कारखान्याच्या गेटवर बिल्ले फारसे दिसत नाहीत. गळ्यात फीत आणि फितीला ओळखपत्र असते. आम्ही हल्ली ज्या वसाहतीत गेटसभा घेतो तेथे कायम कामगारांची फीत निळी आहे आणि कंत्राटी पोरांची पिवळी. वॉशिंग्टनचे कॅप्टन पिवळी गाठ मिरवीत. ही पोरे जेवणाच्या सुट्टीत चहाच्या टपरीकडे निघाली की फाटकाबाहेर पाऊल टाकता टाकता फीत गोळा करून खिशात घालतात.