पखाल, ढोल आणि पिंप

पोट बिघडलं की मराठी माणूस आवाजाची भाषा बोलतो. पोट डब्ब झालंय, आत गुरगुरतंय, नुसता नगारा झालाय. डोकं दुखतं, पाय ठणकतो, पण वाजतं ते पोटच. या बोलण्यामागे निरीक्षण आहे. पोटात काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ते ऐकावं लागतं आणि चाचपावं लागतं.

डॉक्टरही तेच करतात. रुग्णाला उताणं निजवून गुडघे वर घ्यायला लावतात, म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. डाव्या हाताचं मधलं बोट पोटावर घट्ट टेकवतात आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाने त्यावर ठोका देतात. बेंबीच्या आसपास आवाज पोकळ येतो, कारण खाली वायूने भरलेली आतडी असतात. ठोके देत उजव्या बरगडीकडे सरकलं की एका जागी आवाज अचानक बसतो, भरीव होतो. तिथे यकृताची कड लागली. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून कान देतो, त्याच जातीचं हे ज्ञान. आयुर्वेदाच्या आजच्या विद्यार्थ्यांना ते ‘आकोठन’ या नावाने शिकवतात, एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना ‘पर्कशन’ म्हणून. या ठोक्याचं कूळ शोधायला निघालं की रुग्णालय मागे पडतं आणि आपण पाणक्याच्या पखालीपाशी येऊन थांबतो.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला तेरावा अध्याय उदररोगांचा आहे. पोट मोठं होण्याचे आठ प्रकार तिथे सांगितले आहेत. त्यांपैकी वातोदराचं एक लक्षण असं: अशा पोटावर आघात केला की वारा भरून फुगवलेल्या ‘दृती’सारखा आवाज येतो. जलोदराकडे आल्यावर चरक पुन्हा दृतीच घेतो, पण या वेळी पाण्याने भरलेली. हात लावला की पाणी भरलेल्या दृतीसारखी आत खळबळ जाणवते. भांडं एकच, एकदा वाऱ्याने भरलेलं आणि एकदा पाण्याने. दोन रोगांतला फरक या एका भांड्यावर तोलून दाखवला आहे, आणि तोही ठोका आणि स्पर्श यांच्या आधारे. सुश्रुत निदानस्थानात जलोदराला ‘दकोदर’ म्हणतो आणि तीच दृती तीन क्रियापदांत पकडतो: ती हिंदकळते, कापते आणि वाजते. पुढे वाग्भटानेही ती सोडली नाही.

दृती म्हणजे जनावराच्या कातड्याची पाणी वाहायची पिशवी. मराठीत तिला पखाल म्हणतात. आजच्या मुलांनी ती पाहिलेली नसते. पण नळ येण्याआधी गावोगाव पाणी तिच्यातूनही यायचं. रेड्याच्या किंवा बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना फुगलेली, चालताना हेलकावे खाणारी पखाल असायची, आणि भिस्त्याच्या पाठीवर बकऱ्याच्या कातड्याची लहान मशक. कातड्यातून आतलं दिसत नाही. भरली किती, रिकामी किती, आत पाणी आहे की नुसता वारा, हे वाहणाऱ्याला थोपटून आणि हलवूनच कळतं. वैद्यासमोरचं पोटही तसंच कातड्याचं, ताणणारं आणि आरपार न दिसणारं. ही उपमा शोभेसाठी आलेली नाही, असं मला ठामपणे वाटतं. ती तपासणीची रीत शिकवते. ज्याने पखाल हाताळली आहे, त्याच्या हाताला जलोदर ओळखण्याचं अर्धं शिक्षण आधीच मिळालेलं असतं.

आता ग्रीकांकडे पाहा. पोटात पाणी साठण्याला जगभरचे डॉक्टर ‘असायटिस’ म्हणतात. हा शब्द ‘आस्कोस’ या ग्रीक शब्दापासून आला, आणि आस्कोस म्हणजे पाणी किंवा मद्य भरायची कातड्याची पिशवी. म्हणजे पखालच! वायूने फुगलेल्या पोटाला त्यांनी ‘टिम्पनायटिस’ म्हटलं, ‘टिम्पनॉन’ म्हणजे ढोल यावरून. वॉर्डात आजही शिकाऊ डॉक्टर पोकळ आवाजाला ‘टिम्पॅनिक’ म्हणतात, तो हाच ढोल. पहिल्या शतकात रोममध्ये केल्ससने आपल्या वैद्यकग्रंथात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवले आहेत. वायूच्या प्रकारात पोट ताणलेलं आणि आत वाऱ्याचा वारंवार आवाज, पाण्याच्या प्रकारात शरीर हललं की आतल्या पाण्याची हालचाल दिसते. कोणी कोणाकडून घेतलं हा प्रश्न इथे हमखास निघतो. मला उसनवारीपेक्षा पखालच पटते. सिंधूच्या काठी आणि भूमध्य सागराच्या काठी माणसं कातड्यातूनच पाणी वाहत होती, आणि दोन्हीकडे पोटं फुगत होती.

दृती भरली की ती रिकामीही करावी लागते. सुश्रुताने चिकित्सास्थानात त्याची कृती दिली आहे, आणि ती वाचताना आजही हात जोडावेसे वाटतात. बेंबीच्या खाली, डाव्या बाजूला, पोटावरच्या केसांच्या रेषेपासून चार अंगुळं सोडून जागा घ्यायची. ‘व्रीहिमुख’ या, भाताच्या दाण्यासारखं टोक असलेल्या शस्त्राने अंगठ्याच्या उदराइतकं खोल भेदायचं. मग कथील वगैरे धातूची दोन्हीकडे उघडी नळी किंवा पक्ष्याच्या पिसाची नळी बसवून पाणी काढायचं. सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये, हे तो बजावतो. काढलं तर तहान, ताप, अंगदुखी, अतिसार, दमा असे उपद्रव होतात. थोडं थोडं, दिवसांच्या अंतराने काढत जायचं आणि पोट रिकामं होईल तसं लोकर, रेशीम किंवा चामड्याने घट्ट आवळून बांधायचं. आजही सुई घालायला बहुधा पोटाची खालची डावी बाजूच निवडतात. एका बैठकीत पाच लिटरहून अधिक पाणी काढलं तर रक्तवाहिन्यांतला दाब सांभाळायला शिरेतून अल्ब्युमिन देतात. सुश्रुताकडे अल्ब्युमिन नव्हतं. एकदम ओढून घेतलं की माणूस खचतो, हे मात्र त्याने पाहिलेलं होतं.

आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. जलोदराइतकी ती कुठेच नेमकी बसत नाही. पाणी पोटात साठतं, पण बहुतेक वेळा दुखणं असतं यकृतात. यकृत कडक होतं, त्यातून जाणारं रक्त अडतं, शिरांमधला दाब वाढतो आणि पाणी पाझरून पोटाच्या पोकळीत उतरतं. पाणी काढल्याने श्वास मोकळा होतो, रुग्ण दोन घास खाऊ शकतो. यकृत तसंच राहिलं तर पखाल पुन्हा भरते.

ठोक्याच्या युरोपातल्या कुळाची गोष्ट पिंपाशी जोडलेली आहे. लिओपोल्ड आउएनब्रुगर 1722 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्स गावी जन्मला. वडील खानावळीचे मालक. तळघरातल्या दारूच्या पिंपावर बोटांनी ठोकून दारू कुठवर आहे ते पाहायची रीत त्याने लहानपणीच पाहिली, अशी कथा वैद्यकाच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रुग्णालयात काम करताना त्याने छातीवर बोटांच्या टोकांनी ठोके देऊन पाहिले, प्रेतांच्या छातीत द्रव भरून आवाज कसा बदलतो ते तपासलं, आणि सात वर्षांच्या निरीक्षणानंतर 1761 मध्ये लॅटिनमध्ये एक छोटं पुस्तक छापलं. निरोगी छातीच्या आवाजाला त्याने जाड कापडाने झाकलेल्या ढोलाची उपमा दिली. पुन्हा ढोलच. त्याचा कान संगीताचाही होता. सालिएरीच्या एका ऑपेराची संहिता त्याने लिहिली होती.

व्हिएन्नातल्या बहुतेक मोठ्यांनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. जवळजवळ अर्धशतक ते पडून राहिलं. मग नेपोलियनचा वैद्य कोर्विसार याने 1808 मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर आपल्या टिपांसह काढलं आणि मूळ श्रेय आउएनब्रुगरलाच दिलं. स्वतःच्या नावावर खपवणं त्याला सहज शक्य होतं. पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारला. या गोष्टीत मला ठोक्यापेक्षाही कोर्विसारचा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

आउएनब्रुगरचा ठोका छातीपुरता होता. तो पोटावर पद्धतशीर उतरला पॅरिसच्या पियेर पिओरीच्या हाताने. पिओरीने 1826 मध्ये हस्तिदंताची एक छोटी पट्टी काढली. ती अंगावर ठेवायची आणि तिच्यावर ठोकायचं, म्हणजे आवाज स्वच्छ येतो आणि रुग्णाला लागत नाही. या पट्टीने त्याने यकृत, पानथरी अशा अवयवांच्या कडा शोधून त्वचेवर त्यांचे नकाशे काढले. पट्टी पुढे गळाली. तिची जागा डॉक्टरच्या डाव्या हाताच्या बोटाने घेतली, कारण बोट घरी विसरत नाही आणि ठोका बसताना खालचा ताणही त्याला कळतो.

पानथरी हा शब्द वर आला. प्लीहेला मराठीतलं हे घरचं नाव. हिवतापाने ती वाढते, आणि वाढली की डाव्या बरगडीखाली हाताला लागते. चरकाने तिची वाढ स्पर्शानेच सांगितली आहे: आधी गोट्यासारखी कठीण, वाढत गेली की कासवासारखी. तपासणारा हात बेंबीच्या उजवीकडे, खालून सुरू करतो, कारण पानथरी तिरपी त्या दिशेनेच वाढते. श्वास आत घेतला की ती खाली सरकून बोटांना टेकते. बोटांनी दाबत तिच्या मागे जायचं नसतं, ती येईपर्यंत थांबायचं असतं. 1840 च्या दशकात यमुनेच्या कालव्यांच्या काठी डेम्प्स्टर या लष्करी डॉक्टरने गावोगाव लोकांच्या पानथऱ्या चाचपून हिवताप कुठे किती आहे याचा अंदाज बांधला. हिवतापाचा जंतू त्यानंतर कित्येक वर्षांनी, 1880 मध्ये, दिसला.

डेम्प्स्टरच्याच काळात, 1845 मध्ये, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पिओरीचा ठोका इंग्रजी पुस्तकांतून आला आणि म्हणून तो मराठी डॉक्टरांच्याही तोंडी पर्कशनच राहिला. पण याच कॉलेजशी संबंधित डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी वाग्भटाचं अष्टांगहृदय संपादून 1880 मध्ये छापून काढलं. एका हाताने पर्कशन शिकलेल्या माणसाने दुसऱ्या हाताने दृतीचा ग्रंथ पुन्हा लोकांपुढे ठेवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

जलोदर शोधायचे दोन उपाय आजही वॉर्डात शिकवतात. पहिला असा की उताण्या रुग्णाच्या बेंबीपासून कुशीकडे ठोके देत जायचं आणि आवाज भरीव झाला तिथे खूण करायची. मग त्याला विरुद्ध कुशीवर वळवून, म्हणजे खूण वर येईल असं, थोडं थांबायचं. पाणी मोकळं असेल तर ते खालच्या अंगाला जातं, आतडी वर तरंगतात आणि खुणेच्या जागी आता पोकळ आवाज येतो. हे कळायला साधारण दीड लिटर पाणी साठलेलं असावं लागतं. सोनोग्राफीला शंभर मिलिलिटरही दिसतं, म्हणून निदानाचा शेवटचा शब्द आता तिचा. पण ती मागवायची का, हे ठरवणारा पहिला ठोका बोटाचाच असतो.

दुसऱ्या उपायाला तिसरा हात लागतो. डॉक्टर आपला एक तळवा रुग्णाच्या एका कुशीवर सपाट ठेवतात. शेजारी उभ्या नातलगाला सांगतात, "मावशी, हाताची कड इथे, बेंबीवरून खाली अशी उभी दाबून धरा." त्वचेतून नि चरबीतून जाणारा हादरा त्या कडेपाशी अडतो. मग डॉक्टर दुसऱ्या हाताने पलीकडच्या कुशीवर टिचकी मारतात आणि तळव्याकडे लक्ष देऊन थांबतात. आत पाणी भरपूर असेल तर क्षणभराने एक लाट या कुशीतून त्या कुशीत येऊन तळव्याला लागते. मावशींच्या हाताखालीही काहीतरी हललेलं असतं.