फार्मासिस्ट हवा, पण कामगार म्हणून नको!

सकाळी नऊला शटर वर जातं, रात्री अकराला खाली येतं. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्टेशनबाहेरच्या मेडिकलचा हा दिवस चौदा तासांचा आहे. काउंटरमागे आपल्याच वस्तीतला, शिष्यवृत्तीवर डी. फार्म. झालेला, घरातला पहिला शिकलेला मुलगा किंवा मुलगी उभी असते. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. म्हणजे त्याच्याशिवाय दुकान चालू शकत नाही. मग कामगार कायद्यात हा माणूस कुठे आहे? आम्ही हा प्रश्न इतिहासाला विचारतो.

1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1946 च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला (1944) आणि त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. एप्रिल 1946 मध्ये बाबासाहेबांनी किमान वेतनाचं विधेयकही मांडलं. कमी तास, आजारपणात आधार आणि जगण्यापुरतं वेतन ही एकाच विचाराची तीन अंगं होती. त्यातलं एक तोडलं की उरलेली दोन लंगडी होतात.

विमा कारखान्यांपासून सुरू झाला, दुकानं मागे राहिली. पण तासांच्या बाबतीत 1948 चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा स्पष्ट होता. दिवसाला 9, आठवड्याला 48 तास ही मर्यादा होती आणि दुकानात एकच नोकर असला तरी कायदा लागू होता. 2017 च्या नव्या कायद्याने ही मर्यादा ठेवली, पण फक्त दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा वीसवर नेला आणि रोजचे तास 9 वरून 10 केले. मेडिकलमध्ये माणसं किती? दोन, तीन, फार तर पाच!

अमेरिकेत 2010 च्या आरोग्य कायद्याने आठवड्याला 30 तासांची रेषा आखली. मोठ्या मालकाने विमा द्यायचा तो त्या रेषेवरच्या कामगाराला, म्हणून तिथे तास कापले की हक्कही जाऊ शकतो. आपल्याकडे तास चौदा भरले तरी हक्क मिळत नाही, कारण इथे डोकी मोजतात. विम्याला दहा, भविष्य निर्वाह निधीला वीस, ग्रॅच्युइटीला दहा. वागळे इस्टेटच्या किंवा उल्हासनगरच्या कामगार विमा रुग्णालयात कारखान्यातला कामगार जाऊ शकतो. त्याला रात्री दहाला औषध देणारा फार्मासिस्ट मात्र तिथे विमेदार नाही.

काही जण म्हणतील, लहान दुकानदाराला हे परवडत नाही. हिशेब करू. 15,000 रुपये पगारावर विम्याचा मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे महिन्याला 487 रुपये 50 पैसे. चौदा तास उघडं राहणाऱ्या दुकानाला हे खरोखर जड आहे का? 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मालक आणि बहुसंख्य कामगार सहमत असतील तर लहान आस्थापनेलाही विम्यात येण्याची वाट आहे. पण एकट्या फार्मासिस्टने मालकाकडे सहमती मागायची तरी कुठल्या बळावर? ते बळ संघटनेतूनच येतं.

किमान वेतनाचा कायदा मात्र दुकानातली डोकी मोजत नाही. बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकातून आलेला हा हक्क एकट्या नोकरालाही आहे. तरुणांनो, सुरुवात इथूनच करा. आपल्या शहरातल्या फार्मासिस्टना एकत्र बसवा, रोजचे तास वहीत लिहा, पगार बँकेतूनच मागा. आणि सरकारला एकच सवाल करा: परवान्यासाठी जो एक माणूस पुरेसा आहे, तो हक्कासाठी अपुरा कसा?

जय भीम!