गेमर्सची बोली ज्ञानकोशात हवी का?

विकिपीडियाचा एक जुना नियम आहे: हा शब्दकोश नाही. नुसता अर्थ द्यायचा तर 2002 पासून विक्शनरी आहेच. मग गेमर्सच्या बोलीचं काय करायचं? मी तर शब्दामागे काही गोष्ट आहे का, ते बघतो.

'वूट' घ्या. रोमनमध्ये दोन ओंच्या जागी शून्यं टाकून लिहितात. मेरियम-वेब्स्टरने 2007 साली ऑनलाइन मतं घेऊन हाच वर्षाचा शब्द ठरवला. पण अर्थ काय, तर 'हुर्रे'! दोन ओळींत आटपतं.

'ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस'चं तसं नाही. 'झिरो विंग' हा तोआप्लान कंपनीचा 1989 चा जपानी आर्केड गेम. पुढे तो सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आला, युरोपसाठी त्याचं इंग्रजी केलं, आणि खलनायकाच्या तोंडी हे मोडकंतोडकं वाक्य पडलं. (आपल्याकडच्या काही पाट्या आठवल्या ना?) 2001 च्या सुरुवातीला एका फ्लॅश व्हिडिओमुळे ते जगभर झालं. 'टाइम' आणि 'वायर्ड'ने त्यावर लिहिलं. फ्लॅश 2020 अखेर बंद पडलं, पण ते लेख दाखवता येतात, म्हणून नोंद टिकते. जे शब्द फक्त गेमर्सच्या गप्पांत राहिले, कुणी छापले नाहीत, ते मात्र या नियमाने बाहेरच. मला खटकतं ते हे.